मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा का लचकतो?

प्रश्न : मी ४२ वर्षांचा असून दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतो. दोन महिन्यांपूर्वी उतरताना उजवे पाऊल आतल्या बाजूला वळून घोटा मुरगळला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत होते. तीन आठवडे क्रेप बँडेज बांधून विश्रांती घेतली आणि सूज उतरली. परंतु त्यानंतर सपाट रस्त्यावरही पाय दोनदा लचकला. शेजारचे काका म्हणतात, चोळून घेतल्यास शीर जागेवर बसेल. काय करावे?
— एक वाचक, धायरी

उत्तर : आपली शीर कुठेही सरकलेली नाही, त्यामुळे ती बसवण्याचा प्रश्नच येत नाही. उतारावर पंजा खाली झुकलेला असतो, तेव्हा घोट्याच्या खोबणीत पावलाच्या सर्वांत वरच्या हाडाचा मागचा, अरुंद भाग येतो. सांधा सैल पडतो आणि अशा क्षणी पाऊल आत वळले की बाहेरच्या बाजूचे लिगामेंट (हाडांना जोडणारा चिवट पट्टा) ताणले जाते किंवा अंशतः फाटते. ते भरून येते. मात्र पाऊल कोणत्या कोनात पडले आहे याची खबर मेंदूला देणारी यंत्रणा दुखापतीनंतर मंदावते, घोटा सावरणारे पोटरीच्या बाहेरील बाजूचे स्नायू उशिरा आवळतात, आणि ही उणीव विश्रांतीने भरून निघत नाही. आपल्या उपचारात नेमके हेच राहून गेलेले दिसते.

आधी एक चाचणी घरीच करावी. भिंतीकडे तोंड करून पायाचा अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटरवर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का, हे दोन्ही पायांनी पाहावे. उजवा कमी पडत असेल, तर हीच हालचाल दिवसातून दोनदा, १०-१५ वेळा, सावकाश करावी. त्याबरोबर दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर उभे राहण्याचा व्यायाम सुरू करावा आणि तो सहज जमू लागल्यावर एकाच पायावर आणावा.

सर्वांत महत्त्वाचा व्यायाम मात्र तोलाचा आहे. दात घासताना उजव्या पायावर ३० सेकंद उभे राहावे. ते जमले की भिंतीजवळ, हाताला आधार मिळेल अशा बेताने, डोळे मिटून तेच करावे. दिसायला हा पोरखेळ वाटतो, म्हणूनच बहुतेक जण तो आठवड्याभरात सोडून देतात. निदान सहा आठवडे तो चालू ठेवावा.

चोळण्याने तात्पुरते बरे वाटेल, तोल सुधारणार नाही. सांधा अडकत असेल, आत खोलवर दुखत असेल किंवा पुन्हा सूज येत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण कूर्चेची (सांध्यातील हाडांवरच्या गुळगुळीत आवरणाची) इजा साध्या एक्स-रेत सुटू शकते.

उजव्या पायावर न दुखता, न डगमगता उड्या मारता येईपर्यंत गड टाळून तळजाई टेकडीवर चालावे. त्यानंतरही पहिल्या एक-दोन खेपांना घोट्याला ब्रेस बांधून चढावे आणि उतरताना मात्र गाडीरस्त्याने वाहनातून यावे.