वडिलांचं डायलिसिस लोकांपासून लपवावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. वडिलांचं डायलिसिस सुरू होतंय, पण बहिणीचं लग्न ठरेपर्यंत भावकीत आणि गल्लीत कुणाला कळू द्यायचं नाही, असं आई म्हणते. ते बरोबर आहे का? आणि त्यांची नोकरी सांभाळून आठवड्याचे तीन दिवस कसे जमवायचे?

लपवू नका.

मी सांगलीच्या गावभागातला. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शुगरनं किडन्या गेल्या आणि २०१७ पासून डायलिसिसच्या मशीनवर आहे. पुण्याच्या थोरल्या भावाचं तेव्हा अगदी तुमच्या आईसारखंच म्हणणं होतं. "घरातलं घरात ठेव. तुला दोन पोरी आहेत, उद्या स्थळं कोण आणेल?" मी शटरवर कागद चिकटवला : सोम-बुध-शुक्र दुकान दुपारी उघडेल, मालक डायलिसिसला. दादानं बोलणं टाकलं.

कागद वाचून अख्खी गल्ली शहाळी घेऊन दारात. आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं! मग एकेकाला बसवून सांगितलं की शहाळ्यात पोटॅशियम असतं, ते माझ्या अंगातून बाहेर पडत नाही आणि वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. केळीचंही तेच. शेजारच्या काकू तेव्हापासून आमटीची वाटी पाठवताना बटाटा चिरून, भिजवून, उकडून, पोटॅशियम उतरलेलं ते पाणी ओतून मगच घालतात. चवीला काही राहत नाही, पण मी खातो.

ऑगस्ट २०१९ चा पूर. आमच्याकडे पावसाळ्यात रामराम नंतर, आधी "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती. पंचेचाळीसला धोका. २००५ ला पाणी आमच्या पायरीला टेकून मागं गेलं होतं, त्यामुळे त्याच्या वर काही येत नाही असं सगळे धरून चालले होते. या खेपेला ते ५७ फुटांच्या वर गेलं. सोमवारचं डायलिसिस झालं होतं, बुधवारचं बुडालं. आमच्या सेंटरच्या तळमजल्यातही पाणी. गुरुवारी सकाळी अंगात पाणी साठून आडवं झालं की दम लागायला लागला, पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. भोवती पाणीच पाणी आणि मला दिवसाला पाऊण लिटर पिण्याची मुभा.

दादा पुण्यात बसून ट्विटरवर कुणाकुणाला टॅग करत होता. इकडे मंडळाच्या पोरांनी चार निळे बॅरल आणि मांडवाच्या फळ्या बांधून तराफा केला. त्याच सकाळी आमच्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात बोट उलटून माणसं गेली होती. ती बातमी ऐकून बायको मला सोडेना. तरी त्यांनी मला पहिल्या मजल्यावरून उतरवलंच. वाटेत मदतवाल्यांनी केळी पुढे केली, तर बारावीतला एक पोरगा ओरडला, "अण्णांना केळं नको, पोटॅशियम हाय!" हे त्याला कुणी शिकवलं? शटरवरच्या कागदानं.

सांगलीतच विश्रामबागेला कोरड्यात आमच्याच शिफ्टमधले एक रिटायर एसटी कंडक्टर उभे होते. मिरजेतल्या एका सेंटरला त्यांनी आधीच फोन केला होता. नवं सेंटर व्हायरल मार्करचा, म्हणजे एचआयव्ही आणि काविळीच्या (हिपॅटायटिस) तपासण्यांचा रिपोर्ट बघितल्याशिवाय मशीनला हात लावू देत नाही. माझी फाइल घरात भिजत होती, पण शिफ्टच्या व्हॉट्सॲप गटात आम्ही प्रत्येकाचे रिपोर्ट आणि ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) टाकून ठेवतो, ते त्यांनी दाखवलं. रात्री साडेनऊला मशीन मिळालं. पूर उतरेपर्यंत त्यांच्याच घरी राहिलो. त्यांची बायको दोघांची भाजी एकाच पातेल्यात उकडून पाणी ओतायची. हे नात्यातलं कोण करणार होतं?

आणि स्थळांचं म्हणाल तर थोरलीचं लग्न २०२२ मध्ये झालं. व्याही पंपाचं वाइंडिंग घेऊन दुकानात यायचे, तो कागद त्यांनी कितीदा वाचलेला. मांडवात दादा पाहुण्यांना सांगत होता, "आमच्यात लपवाछपवी नसते." मी गप्प बसलो. इथं लिहितो, कारण तो वाचतो.

एक मात्र आहे. वडिलांना पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार असेल तर तो आजार आनुवंशिक असतो, आणि तुम्हा भावंडांपैकी प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी. मग प्रश्न गल्लीला सांगण्याचा नाही. आधी तुमची आणि बहिणीची सोनोग्राफी करून घ्या आणि काय निघेल ते मुलाकडच्यांना सरळ सांगा. आणि आहाराचं माझं ऐकून वडिलांना लावू नका. ज्याचा त्याचा रिपोर्ट वेगळा, डॉक्टर सांगतील ते.

फिस्टुला, म्हणजे सुया लावायला हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडायचं छोटं ऑपरेशन, अजून केला नसेल तर लगेच विचारा. तो तयार व्हायला आठवडे लागतात, तोवर मानेत कॅथेटर (नळी) घालावा लागतो आणि त्यातून इन्फेक्शनची भीती असते. ज्या हाताला करणार त्या हाताचं रक्त काढू देऊ नका, बीपी मोजू देऊ नका. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. हॉस्पिटलात त्या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या.

नोकरीचं म्हणाल तर पहाटेची शिफ्ट मागा. चार तास मशीनचे, सुया लावणं-काढणं धरून पाच. साहेबांना सांगितल्याशिवाय हे जमणारच नाही, म्हणजे लपवणं तिथंच संपलं. मशीनवरून उतरल्यावर माणूस गळून जातो. मी दुपारी दुकान उघडतो, पण त्या दिवशी बारीक तारेचं काम घेत नाही.