सुई न टोचल्याबद्दल

प्रिय डॉक्टर,

लावणीच्या चिखलातून तापानं फणफणत आलेल्या त्या बाईला तू दुखण्याचं इंजेक्शन दिलं नाहीस, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलंस, रक्त तपासायला घेतलंस. ती तडक बाजारातल्या दवाखान्यात जाऊन सुई टोचून आली. आता गाव म्हणतो, 'नवी डॉक्टरीण सुई मारणा नाय.' आणि तू मला विचारतेस, निदान बी-कॉम्प्लेक्सची तरी द्यायला हवी होती का?

नाही.

लाल डोळे, पोटऱ्या दाबल्या की कळवळणं, त्यात पावसाळा. लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, धरूनच चालायचं, हे तुला मी सांगायला नको. त्यात मूत्रपिंडं आधीच धोक्यात, वर डायक्लोफिनॅकसारखं दुखण्याचं इंजेक्शन कशाला? प्लेटलेट उतरलेल्या असतील तर साध्या सुईनंही स्नायूत रक्त साकळतं. बी-कॉम्प्लेक्स निरुपद्रवी असेल, सुई नसते. भलत्या जागी टोचल्यामुळे पाऊल लुळं पडलेली पोरं मी पाहिली आहेत. अपाय करायचा नाही. गाव काहीही म्हणो, अपाय करायचा नाही.

पण म्हणून हात बांधून बसायचं नाही, आणि इथेच तुमची पिढी घसरते. फुरसं चावलेला माणूस आला, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटांनीही रक्त गोठलं नाही, तर प्रतिविष तिथेच सुरू करायचं. त्याची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते, म्हणून अ‍ॅड्रेनलिन भरून हाताशी ठेवायचं. जोखीम नको म्हणून नुसतंच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालून ओरोसच्या मोठ्या इस्पितळात धाडलंस, तर वाटेत गेलेला वेळ हाही अपायच, फक्त केसपेपरवर दिसत नाही. उलट चापडा, तो हिरवा साप, चावला असेल, तर आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांपुरतंच. नातेवाईक कितीही ओरडोत, ते देऊन रिअ‍ॅक्शनशिवाय पदरात काही पडायचं नाही.

माझे निम्मे पेशंट असेच सुईवाल्याकडे गेले. घरी ऐकायचो, 'तत्त्वं शिजवून वाढू का?' त्याचं काही वाटत नाही. सलतं ते हे, की त्या माणसाला मी तोंडावर कधी बोललो नाही. लग्नकार्यात शेजारी बसून जेवलो. एकट्यानं बोलून काय झालं असतं, तक्रार करायची तर कोणाकडे, असं अजूनही मनाशी म्हणतो. खरंही असेल ते.

तू मात्र पत्रं लिहीत बसू नकोस. आशाताईंना घेऊन आजच त्या बाईच्या घरी जा. रागावू नकोस. कसली सुई दिली ते विचार, लघवी किती होते ते विचार, आणि मूत्रपिंडं कशी आहेत ते कळायला रक्ताची क्रिएटिनिन तपासणी पाठव.