टायरचा दिवा विझत नाही. दाद कुठे मागायची?

प्रश्न : मी म्हापशात राहतो. 14 महिन्यांपूर्वी 9 लाखांना घेतलेल्या गाडीत टायरमधली हवा कमी असल्याचा दिवा सारखा लागतो. तीनदा सर्व्हिस सेंटरला दाखवली. ‘रिसेट केले’ म्हणतात, आठवड्यात दिवा पुन्हा हजर. आता म्हणतात, पंक्चरवाल्याने सेन्सर तोडला, वॉरंटीत बसत नाही. गाडी बदलून मिळेल का?

उत्तर : एवढ्यावरून गाडी बदलून मिळणे कठीण. सेन्सर फुकट बदलून घेणे आणि भरपाई, ही मागणी मात्र टिकू शकते.

आधी दोष हवेचा की यंत्रणेचा, ते ठरवा. गाडी तीन तास उभी राहिल्यावर चालकाच्या दारापाशी असलेल्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी हवा भरा आणि रिसेट करा. एकाच टायरची हवा पुन्हा उतरली, तर बारीक पंक्चर, व्हॉल्व्ह किंवा गंजलेली रिमची कड. तो खर्च बहुधा तुमच्याच माथी. गाडी सुरू करताच दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर बहुतेक गाड्यांत तो यंत्रणेच्या बिघाडाचा इशारा असतो. त्याचा व्हिडिओ काढा.

पंक्चरवाल्याचा मुद्दा तपासण्यासारखा आहे. व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर टायर उतरवताना तुटू शकतो, हे खरे. पण बाहेरून स्ट्रिप घालून पंक्चर काढले असेल, तर टायर रिमवरून उतरतच नाही. शिवाय काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांच्या वेगावरून अंदाज बांधते. तिथे हा आरोपच कोसळतो. म्हणून जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर) फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड, कोणते चाक आणि वॉरंटी नाकारण्याचे कारण लिहून मागा. ‘काम समाधानकारक’ या शेऱ्याखाली सही करू नका, तीच पुढे तुमच्याविरुद्ध दाखवतात.

गाडीला स्टेपनी नसेल तर तेही नोटिशीत लिहा. 2020 च्या नियमदुरुस्तीने स्टेपनी न देण्याची सूट हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या गाड्यांनाच दिली. मग ‘नुसता दिवाच आहे’ हा कंपनीचा बचाव लंगडा पडतो.

डीलर आणि उत्पादक दोघांनाही 15 दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करा. 9 लाखांच्या गाडीला शुल्क 200 रुपये. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षे. गाडी भाड्याने देत असाल, तर ‘व्यावसायिक वापर’, म्हणजे तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही, ही हरकत येणारच. आणि तपासणी होईपर्यंत बाहेरून नवा सेन्सर बसवू नका. जुना गेला की पुरावाही गेला.