आवाज येतो, शब्द कळत नाहीत

मी श्रवणतज्ज्ञ आहे. ऐकणं मोजायचं आणि श्रवणयंत्र बसवायचं हे माझं काम. औषधं आणि शस्त्रक्रिया कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. पहिल्या पत्राला मी ते हाती पडलं त्याच दिवशी उत्तर पाठवलं. तसंच दुखणं आणखी कोणाचं असू शकेल, म्हणून ते इथेही देते.

प्रश्न: चार दिवसांपूर्वी सकाळी उठलो तर डाव्या कानात दडा बसलेला. थोडी सर्दी आहे. ती उतरली की कान मोकळा होईल असं घरचे म्हणतात. तोवर कानात थेंब घालू का?

थेंब घालू नका, आणि सर्दी उतरायची वाट तर अजिबात पाहू नका. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मळ किंवा पडद्यामागचं पाणी निघालं तर उत्तमच. पण आतल्या कानाची किंवा नसेची ताकद अचानक गेली असेल तरी माणसाला दडा बसल्यासारखंच वाटतं, आणि ती तातडीची बाब असते. त्यावर स्टिरॉइड देतात. त्यांचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असते, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं.

डॉक्टरांकडे जाता जाता ओठ मिटून ‘म्’ असं गुणगुणून पाहा. आवाज दडा बसलेल्या कानात घुमला तर अडथळा बहुधा बाहेर किंवा मधल्या कानात आहे. चांगल्या कानाकडे सरकला तर दुखणं आतलं असण्याचा संशय वाढतो. उत्तर काहीही आलं तरी जायचं आजच.

प्रश्न: सासरे ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्या मित्राशी तासभर गप्पा मारतात, पण नातीने दोनदा सांगितलेलं त्यांना कळत नाही. ‘तुम्ही सगळे पुटपुटता’ म्हणतात. मोठ्याने बोललं की ‘ओरडू नका’ म्हणतात. ते सोयीचं तेवढं ऐकतात असं घरात बोललं जातं. हल्ली विसरतातही. काय समजायचं, ताई?

‘सोयीचं ऐकतात’ हे वाक्य मी फार घरांतून ऐकलं आहे, आणि दर वेळी मला त्या माणसाच्या बाजूने बोलावंसं वाटतं. तुम्ही लिहिलेलं सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळसे घेत गेलेली कॉक्लिया असते. तिच्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. बारीक, तीक्ष्ण आवाज टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात, जाड आवाज टिपणाऱ्या टोकाशी. वयाबरोबर आधी झिजतात त्या तोंडाजवळच्या.

आता ‘हात’, ‘सात’, ‘खात’, ‘पात’ हे शब्द एकापाठोपाठ म्हणा. चारही शब्दांतला ‘आ’ मोठा आणि जाड आहे, तो सासऱ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून कोणीतरी काहीतरी बोललं हे त्यांना कळतं. पण तो स होता की ख होता, हे ठरवणारा क्षीण, बारीक आवाज नेमका झिजलेल्या पेशींच्या वाट्याचा असतो. त्यांना आवाज येतो, शब्द कळत नाहीत. ‘तुम्ही पुटपुटता’ हे त्यांच्या अनुभवाचं अगदी अचूक वर्णन आहे.

मित्राचा आवाज जाड असणार. तो समोर बसतो, एकटा बोलतो, आणि विषय वर्षानुवर्षांचे ओळखीचे. नातीचा आवाज कोवळा, आणि ती बहुधा दुसऱ्या खोलीतून किंवा टीव्ही चालू असताना बोलते. इथे सोयीचा काही संबंध नाही.

ओरडणं का टोचतं, तेही सांगते. अशा कानाला आवाज बराच मोठा केल्यावरच ऐकू येऊ लागतो, पण आवाज असह्य होण्याची हद्द मात्र जवळपास पूर्वीच्याच जागी असते. मधली जागा चिंचोळी होते. शिवाय ओरडताना आपण स्वरच मोठे करतो. स आणि ख बिचारे तिथेच राहतात. म्हणून समोर या, चेहऱ्यावर उजेड पडू द्या, आधी हाक मारा आणि थोडं सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगा.

विसरण्याबद्दल दोन गोष्टी. जे नीट कानात शिरलंच नाही ते आठवणार कुठून? अर्धामुर्धा शब्द जुळवण्यातच डोकं दमतं. दुसरं, २०२३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ७० ते ८४ वयाच्या सुमारे हजार लोकांना तीन वर्षं तपासलं होतं. यंत्रामुळे सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. पण ज्यांना बुद्धी आणि स्मरणशक्ती मंदावण्याचा धोका आधीच जास्त होता, त्या गटात यंत्र मिळालेल्यांची ती घसरण न मिळालेल्यांपेक्षा ४८ टक्के कमी होती. यंत्र लावलं की विसरणं थांबेल असं वचन यातून निघत नाही. कान मात्र याच महिन्यात तपासून घ्या, आणि विसरण्याबद्दल डॉक्टरांशी वेगळं बोला.

प्रश्न: माझ्या रिपोर्टवर ४८ डेसिबल लिहिलं आहे. म्हणजे ४८ टक्के बहिरेपण का?

नाही. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्या कानाला आवाज जेमतेम जाणवायला तो किती मोठा करावा लागला, त्याची ती सरासरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ३५ ते ५० डेसिबलच्या आतलं नुकसान मध्यम समजतात.

त्या आकड्यापेक्षा आलेख बघा. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. खूण जितकी खाली तितकं ऐकू कमी. सरासरी ४८ असलेल्या दोन माणसांपैकी एकाची रेघ सपाट आणि दुसऱ्याची उजवीकडे घसरगुंडीसारखी उतरलेली असेल, तर दोघांना अगदी वेगळी यंत्रं लागतात. हाडावाटे (कानामागच्या हाडावर कंपन देऊन) आणि हवेवाटे (हेडफोनमधून) घेतलेल्या मापांत अंतर असेल, किंवा दोन कानांत मोठा फरक असेल, तर यंत्राआधी डॉक्टर.

प्रश्न: दोन्ही कानांना यंत्र लागेल असं सांगितलं आहे. एका ठिकाणी कानात दिसणारच नाही असं यंत्र दाखवलं, दुसरीकडे जास्त चॅनेलचं. आधी एकच घेऊन पाहू का? काय बघून ठरवू?

न दिसणाऱ्या यंत्राचा मोह मला समजतो. पण अगदी लहान यंत्रात बॅटरी लहान असते आणि समोरचा आवाज वेगळा काढणारे दोन मायक्रोफोन सहसा मावत नाहीत. शिवाय ते कानाची नळी बंद करतं, आणि स्वतःचा आवाज घुमतो. वयोमानाने कमी झालेल्या ऐकण्यात जाड आवाज बऱ्यापैकी शाबूत असतात. अशा माणसाला कानामागे बसणारं, बारीक वायरच्या टोकाला स्पीकर आणि त्यावर भोकांचा मऊ डोम, म्हणजे कानात बसणारी रबरी टोपी, असलेलं यंत्र बहुधा जास्त सुखाचं जातं. नुकसान फार असेल तर मोल्ड, म्हणजे तुमच्या कानाच्या मापाने घडवलेला तुकडा, आणि जास्त ताकदीचं यंत्र. आणि ठरवण्याआधी यंत्र स्वतःच्या बोटांनी काढून, उघडून, परत घालून पाहा. बोटं थरथरत असतील तर चार्जिंगचं घ्या.

चॅनेल म्हणजे जाड ते बारीक आवाजांचे पट्टे, जे यंत्र वेगवेगळे लहान-मोठे करतं. ते किती, हा प्रश्न मी शेवटी ठेवते. त्याआधी विचारा, ‘रिअल इअर मेजरमेंट करता का?’ यात यंत्र घातलेलं असताना कानात एक केसासारखी नळी सरकवून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते मोजतात. प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी असते. संगणकाने अंदाजाने लावलेली पहिली जुळणी अनेकदा बारीक आवाजांना कमी पडते, म्हणजे ज्यासाठी यंत्र घेतलं तेच मिळत नाही. नीट मोजून बसवलेलं साधं यंत्र मला न मोजता बसवलेल्या महागड्या यंत्रापेक्षा कितीतरी पसंत आहे. तपासणीशिवाय मागवलेली, सगळंच सरसकट मोठं करणारी उपकरणं मात्र घेऊ नका.

दोन्ही कान कमी असतील तर दोन्ही घ्या. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो, आणि गोंगाटात बोलणं वेगळं काढायलाही दोन कान लागतात. एक अपवाद: एका कानात शब्द जवळजवळ कळतच नसतील तर तज्ज्ञ वेगळा सल्ला देतील. ट्रायल मागा, परत करण्याच्या अटी लेखी घ्या, आणि यंत्र शांत खोलीत नव्हे, तुम्हाला सर्वांत जास्त त्रास होतो तिथे वापरून पाहा.

प्रश्न: आईला यंत्र घेऊन आठ महिने झाले. ते ड्रॉवरमध्येच पडून आहे. ‘त्यात नुसता गोंगाट’ म्हणते. हट्ट करू का?

हट्ट करू नका. माझ्या आईचं पहिलं यंत्र मीच बसवलं होतं, आणि तेही कपाटातच गेलं. तिला सवय करून घ्यायची नाही असं मी धरून चालले. जवळजवळ वर्षाने ती म्हणाली, ‘माझाच आवाज मला विहिरीतून येतो गं.’ तिच्या मोल्डला पुरेसं भोकच ठेवलेलं नव्हतं. दहा मिनिटांचं काम होतं, आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी विचारा, गोंगाट म्हणजे नेमकं काय? भांड्यांचा आवाज टोचतो, की स्वतःचा आवाज घुमतो, की शिट्टी वाजते? शिट्टी वाजत असेल तर कानात मळ असेल किंवा डोम सैल असेल. आवाजच येत नसेल तर मळाची बारीक जाळी बदलून पाहा. झिंकची बॅटरी असेल तर स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा.

हे सगळं ठीक असूनही पाण्याचा नळ, कागद, पंखा डोक्यात जाणार. वर्षानुवर्षं न आलेले आवाज मेंदूपुढे एकदम येतात, आणि कोणते सोडून द्यायचे हे त्याला नव्याने शिकावं लागतं. त्याला काही आठवडे लागतात, आणि तेही यंत्र रोज घातलं तर. सुरुवात घरात, एका माणसाशी, तासभर करा. मग वेळ वाढवा. जवळ एक वही ठेवा. ‘गोंगाट’ एवढंच न लिहिता कुठे, कोण बोलत असताना, कसला आवाज, ते आईला लिहू द्या किंवा तुम्ही लिहा. ती वही घेऊन जुळणीला परत जा. माझ्या आईच्या वहीत पहिली ओळ होती, ‘वर्तमानपत्राचं पान उलटलं की कडकड.’ तो आवाज मी कमी केला नाही. दोन आठवड्यांनी तिने ती ओळ आपणच खोडली. तिच्याखालच्या दोन मात्र मला यंत्रात दुरुस्त कराव्या लागल्या.