मानसिक आजाराच्या गोळ्यांमुळे पाय स्थिर राहत नाहीत, हात थरथरतात. गोळ्या बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की रिस्पेरिडोन या मानसिक आजारावरच्या गोळीचा डोस वाढवल्यापासून एका जागी बसवत नाही, हात थरथरतात आणि घरचे म्हणतात, आजारच पुन्हा डोकं वर काढतोय. मी डॉक्टर नाही, याच गटातल्या गोळ्या बरीच वर्षं घेणारा पेशंट आहे. माझं मत विचाराल तर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण सोसत गप्पही बसू नका. डोस वाढल्यावर हे सुरू झालं असेल, तर पहिला संशय औषधावर घ्यायला हवा.

पायांचं तुम्ही जे सांगताय त्याला अकाथिसिया म्हणतात. मला तो झाला तेव्हा बेसिनपाशी दात घासतानाही पाय एका जागी ठरत नसत. डावा उचल, उजवा उचल, पुन्हा डावा. डोक्यात कसलीही काळजी नाही आणि पाय मात्र पळायला निघालेले! गोची अशी, की डॉक्टरांना 'बेचैन वाटतंय' एवढंच सांगितलं तर ती मनाची बेचैनी समजली जाऊ शकते. मग डोस आणखी वाढतो आणि त्रासही वाढतो. माझ्या डॉक्टरांनी विचारलं, 'बसल्यावर वाढतं की चालल्यावर?' बसल्यावर वाढतं, चाललं की जरा बरं वाटतं, असं मी सांगितलं आणि तिथून गाडी रुळावर आली. तुम्हीही तसंच सांगा: कोणत्या डोसनंतर, किती दिवसांनी, शरीरात नेमकं कुठे. घरच्यांना मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढायला सांगा, कारण तपासणीच्या खोलीत माणूस उगाच आवरून बसतो.

यामागचं कारण थोडक्यात सांगतो. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे जाऊन काम करतं त्या जागा, अडवतात. स्कॅन करून झालेल्या अभ्यासांत असं दिसलं, की साधारण ६५ टक्के रिसेप्टर अडले की गुण यायला लागतो आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की हालचालींचे त्रास वाढतात. मधली पट्टी अरुंद आहे. म्हणून डोस थोडासा खाली आणल्यानेही पुष्कळ फरक पडू शकतो, पण तो किती आणि कसा आणायचा हे डॉक्टरांनीच ठरवायचं. औषध बदलणं हाही मार्ग असतो. याच गटातल्या क्वेटियापिन आणि क्लोझापिनने हे त्रास तुलनेने कमी होतात, अर्थात त्यांचे स्वतःचे वेगळे त्रास आहेतच. अकाथिसियासाठी बऱ्याचदा प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असेल किंवा बीपी मुळात कमी असेल तर ते आधी सांगा.

हातांच्या थरथरीचं गणित वेगळं. अंग ताठरणं, चेहऱ्यावरचे हावभाव कमी होणं, चालताना हात न हलणं, अक्षर बारीक होत जाणं हे सगळं सोबत असेल तर तो औषधाने आलेला पार्किन्सनसारखा प्रकार असू शकतो. त्याला ट्रायहेक्सिफेनिडिलचा उपयोग होतो. पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, विसरायला होतं. वयस्कर माणसांना तर ते फार जपून देतात. अकाथिसियावर या गोळीचा फारसा भरवसा नाही, म्हणून 'ती गोळी घेऊनही पाय थांबत नाहीत' म्हणजे तुमचं काही तरी भलतंच बिघडलंय असं समजू नका. सोबत लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट ही मूड स्थिर ठेवणारी औषधं चालू असतील तर थरथर त्यांचीही असू शकते. लिथियमवर असताना थरथर अचानक मोठी झाली, जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तोल जायला लागला तर लगेच दाखवा आणि रक्तातली पातळी तपासून घ्या.

उलटी थांबवायची मेटोक्लोप्रामाइड ही साधी वाटणारी गोळीसुद्धा डोपामिनच अडवते. पोटाच्या डॉक्टरांकडे गेलात तरी चालू गोळ्यांची यादी दाखवत जा.

हे कायमचं राहील का, असंही विचारलंय. अकाथिसिया आणि थरथर डोस किंवा औषध बदलल्यावर बहुतेकदा ओसरतात. जास्त जपायचं ते टार्डिव्ह डिस्किनेशियाला. बरेच महिने किंवा वर्षं औषध घेतल्यावर जीभ, ओठ, जबडा आपोआप हलत राहतात आणि औषध थांबवलं तरी हे कधीकधी जात नाही. म्हणून माझे डॉक्टर अधूनमधून जीभ बाहेर काढायला लावतात, बोटं अंगठ्यावर टेकवायला सांगतात, चालायला लावतात. तुमचे तसं बघत नसतील तर तुम्हीच आठवण करून द्या. टार्डिव्ह डिस्किनेशियावर व्हॅल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन ही औषधं निघाली आहेत. अमेरिकेत दोन्हींना २०१७ मध्ये या त्रासासाठी मान्यता मिळाली.

मान किंवा जबडा एका बाजूला पिळवटून अडकला, डोळे वर खेचले गेले, किंवा खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि बोलणं असंबद्ध झालं, तर थेट इमर्जन्सी गाठा. अकाथिसियाने जीव नकोसा वाटायला लागला तरीही तेच करा. तो त्रास माणसाला तिथपर्यंत नेतो आणि तो उतरवता येतो. एवढ्या थराला गेलं नसेल आणि तुमची पुढची तारीख महिनाभराने असेल, तरी तोवर थांबू नका. उद्या सकाळी फोन करून 'डोस वाढवल्यापासून पाय थांबत नाहीत' एवढं वाक्य सांगा आणि आधीची वेळ मागून घ्या.