घर न बघता २,२०० युरो पाठवावेत का?

प्रश्न (एक वाचक, नाशिक): मुलगी ऑक्टोबरपासून स्टुटगार्टला मास्टर्स करणार आहे. ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी आधी भरून ठेवायची, तिथे दरमहा थोडी थोडी मिळणारी रक्कम) ११,९०४ युरो मी जूनमध्ये भरले. एका प्रॉपर्टी वेबसाइटवर विद्यापीठाजवळ एका खोलीचं फर्निश्ड घर मिळतंय. सगळं धरून भाडं ५५० युरो, त्यात मूळ भाडं ४३०. मालक सध्या स्पेनमध्ये असतात. तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून २,२०० युरो पाठवले की किल्ली कुरिअरने येईल, असं ते म्हणतात. दुसरा पर्याय ९०० युरोंच्या फर्निश्ड फ्लॅटचा, तीन महिन्यांसाठी. एफडी मोडून पहिलं घर पक्कं करून टाकू का?

उत्तर: नाही, एक युरोही पाठवू नका. मालक परदेशात, घर दाखवायला कोणी नाही, पैसे आधी आणि किल्ली नंतर ही फसवणुकीची अगदी ठरलेली पद्धत आहे. खऱ्या घराचे फोटो उचलून भाडं बाजारापेक्षा थोडं कमी टाकलेलं असतं, म्हणजे लांबच्या माणसाला घाई होते.

या मागणीतले आकडेही जर्मन कायद्यात बसत नाहीत. तिथे डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं. हीटिंग, पाणी, कचरा यांचे पैसे त्यात धरत नाहीत. म्हणजे या घराला कमाल १,२९० युरो. मालक ५५० च्या तिप्पट, १,६५० मागताहेत. शिवाय डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना लागतो. हे घर खरं असतं, तर ताब्याच्या दिवशी ५५० अधिक ४३०, म्हणजे ९८० युरो पुरले असते.

मालक आता 'बरं, निम्मेच पाठवा' म्हणाले तरी उत्तर बदलत नाही. खात्याचा आयबॅन क्रमांक पाहा. जर्मन खात्याचा डीई या अक्षरांनी सुरू होतो. पण तो तसा असला म्हणून माणूस खरा ठरत नाही, कारण भाड्याने घेतलेली खाती सर्रास वापरली जातात. मुलीच्या पासपोर्टची प्रत पाठवली असेल, तर त्या माणसाशी व्यवहार थांबवा, वेबसाइटवर जाहिरातीची तक्रार नोंदवा आणि ईमेलचे पासवर्ड बदला. तीच प्रत पुढच्या माणसाला फसवताना 'हा बघा माझा पासपोर्ट' म्हणून दाखवली जाते.

आता ९०० च्या फ्लॅटबद्दल. तीन महिन्यांचे २,७०० युरो होतात, ५५० च्या दराने १,६५० झाले असते. म्हणजे १,०५० युरो जास्त. एक युरो १०० रुपये धरला तर १ लाख ५ हजार. ही रक्कम छोटी नाही, म्हणून तीन महिने बांधून घेऊ नका. एक महिना मिळतो का विचारा. मग जादा खर्च ३५० युरो, आणि मुलगी स्वतः जाऊन घरं बघू शकते. बुकिंग अशाच वेबसाइटवरून करा, जी पहिलं भाडं ताबा मिळेपर्यंत स्वतःकडे ठेवते. तिची सेवा फी हिशेबात धरा.

मला सगळ्यात योग्य वाटतो तो तिसरा मार्ग, त्स्विशेनमीटे. सुट्टीत किंवा इंटर्नशिपला गेलेले विद्यार्थी आपली खोली सामानासकट काही आठवड्यांसाठी देतात. वेगे-गेझुख्ट या वेबसाइटवर 'बेफ्रिस्टेट', म्हणजे ठरावीक मुदतीचं, असा फिल्टर लावा. ऑक्टोबरच्या मध्याला वर्ग सुरू होतात तेव्हा मारामारी असते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खोल्या मोकळ्या होतात. त्यामुळे जमलं तर तिला सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पाठवा. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवताना दारावरची नावाची पाटी, स्वयंपाकघर, खिडकीबाहेरचा रस्ता दाखवायला सांगा आणि घरातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याशीही बोला. तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपमधलं कोणी अर्धा तास जाऊन आलं तर याहून चांगली खात्री नाही. सोबत श्टुडीरेंडनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांची सोय बघणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहाचा अर्ज आजच भरा; रांग लांब असते.

एक गोष्ट कोणत्याही घराबाबत आधी लिहून घ्या: आनमेल्डुंग, म्हणजे सरकारी पत्ता-नोंदणी, करता येईल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र हवं. ते मिळत नसेल तर खोली स्वस्त असूनही महाग पडते. पत्त्याच्या नोंदीशिवाय अनेक बँका खातं उघडत नाहीत आणि खात्याशिवाय ब्लॉक्ड अकाउंटचे दरमहा ९९२ युरो हाती येत नाहीत. तोवरच्या पाच-सहा आठवड्यांचा खर्च वेगळा ठेवावा लागेल. मी त्यासाठी अडीच हजार युरो धरेन: खोलीचं भाडं, डिपॉझिटचा पहिला हप्ता, जेवण, प्रवास. फर्निश्ड नसलेल्या घरात बहुधा स्वयंपाकाचा ओटाही नसतो, म्हणून सध्या तशा जाहिराती सोडून द्या.

हे अडीच हजार, म्हणजे अडीच लाख रुपये कुठून आणायचे? एफडी सहा महिन्यांच्या आत पिकणार असेल तर मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. बँका एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त लावतात. मुदत दोन-तीन वर्षं उरली असेल तर मोडलेली बरी, कारण डिपॉझिट घर सोडेपर्यंत अडकणार आणि व्याज तेवढा काळ चालणार. मोठी एकच एफडी असेल तर काही भाग काढता येतो का, हे बँकेत विचारा.

पाठवताना टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, लक्षात घ्या. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही. ब्लॉक्ड अकाउंटसाठी तुम्ही जवळपास १२ लाख पाठवलेत, म्हणजे तुमची मर्यादा संपली आहे. मुलीच्या आईच्या खात्यात स्वतःची बचत असेल तर हे अडीच लाख त्यांच्या पॅनवरून जाऊ द्या. शैक्षणिक कर्ज घेतलं असेल तर त्यातून गेलेल्या रकमेवर टीसीएस नाही. अर्जात हेतू 'शिक्षण' असाच लिहा, कारण इतर हेतूंना दर बराच चढा आहे. तुमच्याकडून कापलेला टीसीएस रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात.