बारशासाठी अंगणात लावायच्या कापडी पताका वाऱ्याने गुंडाळू नयेत, म्हणून काय करावे?

जुन्या सुती साडीच्या पताका दुहेरी कापडाच्या कराव्यात आणि त्या दोरीत ओवण्याऐवजी साडीच्याच काठाच्या दुमडीत शिवून घ्याव्यात. एकेरी कापड हलके असल्यामुळे वाऱ्याबरोबर दोरीवर चढते आणि तिथेच पीळ घेते; दुहेरी कापडाला वजन येते, शिवाय काठ मुळातच घट्ट विणीचा असल्याने त्यावर सलग टीप घातली की पताका जागची हलत नाही, असा माझा शिवणकामातला अनुभव आहे. ६ इंच रुंद आणि ८ इंच लांब त्रिकोण पुरेत. मात्र दोन त्रिकोण उलट्या बाजूने जोडून शिवल्यावर टोकाजवळचे शिलाईबाहेरचे कापड छाटल्याशिवाय ते सुलट करू नयेत, नाहीतर टोक गाठ आल्यासारखे बोथट दिसते. गडद लाल किंवा निळे कापड घेणार असाल, तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे, कारण कच्चा रंग रात्रीच्या दवानेही शेजारच्या पताकेवर उतरू शकतो.